चुन्याची दुसरी टाकी बांधण्याआधी आमच्या वावराकडे बघा

प्रति,
सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे संचालक मंडळ, केंद्राचे सभासद उद्योजक आणि केंद्राला संमतीपत्र देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

केंद्राची क्षमता वाढवण्याच्या आपल्या बैठकीचं इतिवृत्त आमच्या ग्रामपंचायतीत पोचलं आणि गावातल्या बऱ्याच जणांनी ते वाचलं. वाढीव सांडपाण्यासाठी चुन्याची आणखी एक टाकी आणि गाळ साठवायला नवं आवार, एवढं त्यात मंजूर झालं आहे. सांडपाण्यातले विषारी धातू काढायला सूक्ष्मजीवांचा एक छोटा प्रायोगिक टप्पा लावून पाहावा, अशी लेखी सूचना गावाने केली होती. ही पद्धत धातूंसाठी भरवशाची नाही, एवढ्या एका ओळीत ती फेटाळली गेली. कोणाचा अभ्यास, कोणती चाचणी, कोणता अनुभव, याचा त्यात उल्लेख नाही. हा निर्णय आम्ही गुपचूप मान्य करू शकत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वसाहतीचं नाव मी लिहीत नाही. नागपूरच्या चहूबाजूंना औद्योगिक वसाहती आहेत, त्यांच्या उताराला नाले आहेत आणि नाल्यांच्या काठी कोणाची ना कोणाची वावरं आहेत. हे पत्र त्या सगळ्यांच्या वतीने वाचलं गेलं तर मला हवंच आहे.

माझा संबंध दुहेरी आहे. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि माझं सासर आपल्या केंद्राच्या नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. सासरे आणि दीर तिथे पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), वांगी काढतात. पावसाळा संपला की विहिरीचं पाणी पुरत नाही आणि नाल्यावर इंजिन बसतं. हा माल पहाटे कॉटन मार्केटला जातो. म्हणजे आपल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा शेवट नाल्यात होत नाही, नागपूरच्या स्वयंपाकघरांत होतो. ते सांबार आपल्याही घरी येत असणार.

आता त्या 'भरवशाची नाही' या शेऱ्याबद्दल.

आपल्या केंद्रात चुन्याच्या टाकीनंतर जी हवा भरण्याची टाकी आहे, तिच्यात काम कोण करतं? जिवाणूच. बीओडी, म्हणजे पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, उतरतो तो त्यांच्यामुळे. भांडेवाडीला शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, तेही याच जिवांच्या भरवशावर. तेव्हा जिवाणूंवर आपला विश्वास नाही असं नाही. आपला आक्षेप धातूंपुरता आहे, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे.

जिवाणू धातू नष्ट करू शकत नाहीत, हे खरं आहे. क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं ही मूलद्रव्यं आहेत. साखर किंवा रंग कुजवून संपवता येतो, तसं यांना कोणीच संपवू शकत नाही. चुनाही नाही. प्रश्न एवढाच उरतो की धातू कोणत्या रूपात जातो आणि कुठे जाऊन बसतो : पाण्यात, गाळात, की परत कारखान्यात. संचालक मंडळाने हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर निर्णय वेगळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

चुना टाकला की पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. पद्धत जुनी आहे आणि जास्त धातू असलेल्या पाण्यात ती बऱ्यापैकी चालते. पण प्रत्येक धातूला खाली बसायला वेगळा सामू लागतो. त्रिसंयुजी क्रोमियमला (क्रोमियमच्या कमी घातक रूपाला) आठच्या आसपास, जस्ताला नऊच्या थोडं वर, निकेलला दहाच्या पुढे, कॅडमियमला त्याहूनही वर. निकेलसाठी सामू चढवावा तर क्रोमियम आणि जस्त पुन्हा विरघळायला लागतात. आपल्याकडे सगळ्या कारखान्यांचं पाणी एका पाइपातून एकत्र येतं : प्लेटिंगचं (धातूचा मुलामा देण्याचं), पिकलिंगचं (लोखंड आम्लात धुण्याचं), गॅल्व्हनायझिंगचं (लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं), त्यात कापडाच्या रंगाचं आणि कॅन्टीनचंसुद्धा. एका टाकीत, एका सामूवर यातले सगळे धातू पुरेसे खाली बसणं शक्य नाही. प्लेटिंगच्या पाण्यात धातूला धरून ठेवणारी रसायनं असली तर आणखीच अवघड. आणि क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातलं सगळ्यात घातक रूप, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, चुन्याने खाली बसतच नाही. त्याला आधी आम्लाच्या पाण्यात फेरस सल्फेट किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्रिसंयुजी करावं लागतं. ही पायरी एखाद्या कारखान्याने टाळली, तर ते पिवळं विष आपल्या चुन्याच्या टाकीतून सरळ पुढे जातं. दुसरी टाकी बांधली तरी ते तसंच जाईल.

माझी पहिली तक्रार हीच आहे. आजच्या उपायाची मर्यादा इतकी उघड असताना आपण तोच उपाय दुप्पट करता आहात.

दुसरी तक्रार मर्यादांच्या आकड्यांबद्दल आहे, आणि ती मला जास्त छळते. आमच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर मिळतं : पाणी मर्यादेत आहे. मान्य करू या. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 नुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा एकूण क्रोमियमसाठी लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे, निकेलसाठी 3, तांब्यासाठी 3, जस्तासाठी 5. नाल्याचं पुढे दुसऱ्या पाण्यात मिसळून पातळ होणं त्या आकड्यांमागे गृहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 1985 मध्ये दीर्घकाळ सिंचनासाठी सुचवलेल्या मर्यादा पाहा : क्रोमियम 0.1, निकेल 0.2, तांबे 0.2, जस्त 2. म्हणजे कायद्याने बरोबर ठरलेल्या पाण्यात क्रोमियम ओलिताच्या मर्यादेच्या वीसपट असू शकतं, निकेल आणि तांबं पंधरापट. फेब्रुवारीनंतर आमच्या नाल्यात मिसळायला दुसरं पाणीच नसतं. जे वाहतं ते आपलंच असतं आणि तेच वाफ्यात जातं. धातू मातीतून धुऊन जात नाही, दर हंगामाला त्यात भर पडत जाते. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम सहज ओढून घेते.

दोन उन्हाळ्यांपासून आमच्या पालकाची पानं कडेने पिवळी पडतात. ते धातूंमुळेच, असा दावा मी करणार नाही. मातीची तपासणी झालेलीच नाही, आणि ती व्हावी म्हणूनच तर भांडते आहे.

हा प्रश्न भाजीपाल्यावर थांबत नाही. नागपूरचं घाण पाणी नाग आणि पिवळी नदीतून कन्हानला जातं, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. त्या पाण्यावर धानाची शेती आहे. भात कॅडमियम साठवतो, हे जपानला फार मोठी किंमत मोजून कळलं. तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीत कामिओका खाणीचं पाणी उतरलं, ते भाताच्या खाचरांत गेलं, आणि हाडं ठिसूळ होऊन जराशा धक्क्याने मोडणाऱ्या 'इताई-इताई' रोगाने तिथल्या बायकांचे हाल केले. रोगाचं मूळ कॅडमियम आहे, हे जपान सरकारने 1968 मध्ये मान्य केलं. तिथल्या शेतांची माती बदलण्याचं काम 2012 पर्यंत चाललं. आपल्याकडे तसंच होईल असं भाकीत मला करायचं नाही. पण धानाच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला बसून धातूंबद्दल सैल राहण्याची मुभा आपल्याला नाही.

तिसरी तक्रार मोजण्याची. केंद्राच्या फाटकावरच्या फलकावर सामू, बीओडी, सीओडी, गाळकण दिसतात. धातूंचा एकही आकडा दिसत नाही. नमुना घेतला जातो तो सगळे प्रवाह एकत्र झाल्यानंतर, म्हणजे पातळ झालेल्या पाण्याचा. कोणत्या कारखान्यातून किती क्रोमियम निघालं, हे अशाने कधीच कळणार नाही.

चौथी, गाळाची. चुन्याचा गाळ भरपूर निघतो, त्यात धातू असतात आणि 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा म्हणून हाताळायचा असतो. बुटीबोरीला त्यासाठी सामाईक सुविधा आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात कुंपणाच्या आत उघड्यावर पडलेल्या ढिगाचा ओघळ नाल्यापर्यंत आलेला आम्ही पाहिला आणि तसं कळवलंही. उत्तर आलं नाही. आता गाळ दुप्पट होणार आहे.

सूक्ष्मजीव यात नेमकं काय करू शकतात, ते सांगते. इतिवृत्तातल्या एका ओळीला एक नीट उत्तर मिळालं पाहिजे.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियमपासून सुरुवात करते, कारण ते आमच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या परिचयाचं आहे. क्रोमेटचं, म्हणजे याच क्रोमियमच्या क्षाराचं, द्रावण पिवळं असतं. नाल्याच्या चिखलातून वेगळे केलेले काही जिवाणू त्यात वाढवले की पिवळेपणा उतरत जातो. डायफेनिलकार्बाझाइड हे क्रोमियम ओळखणारं रसायन घालून तपासलं की आधी येणारा गर्द जांभळा रंग फिका होत होत दिसेनासा होतो. जिवाणू आपल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करतात. ते कितीतरी कमी घातक असतं आणि साध्या, उदासीन पाण्यातच खाली बसतं. बॅसिलस, स्युडोमोनास, एंटरोबॅक्टर या कुळांत ही क्षमता आहे, आणि 1970 च्या दशकापासून ती शास्त्राला माहीत आहे. धातू असलेल्या चिखलात पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेले जिवाणू धातू सोसायला शिकलेले असतात. ते बाहेरून आणावे लागत नाहीत, आपल्या नाल्यात ते आजही आहेत.

दुसरा मार्ग सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचा. डिसल्फोव्हिब्रिओ हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं कूळ. हवा नसलेल्या बंद टाकीत ते पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात, आणि सल्फाइड भेटलं की जस्त, तांबं, शिसं, निकेल, कॅडमियम घट्ट बसतात. धातूंची सल्फाइडं हायड्रॉक्साइडांपेक्षा पाण्यात कितीतरी कमी विरघळतात, म्हणून पाणी चुन्यापेक्षा खूप खालच्या पातळीपर्यंत स्वच्छ होऊ शकतं. लोखंड गंधकाम्लात धुणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात सल्फेट आयतंच असतं. खाद्य म्हणून मळी चालते. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्यात दूषित भूजलासाठी हीच पद्धत 1992 पासून मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. खाली बसलेलं जस्त सल्फाइड त्यांनी पुरलं नाही. ते परत भट्टीत गेलं, कारण जस्ताचं खनिजही मुळात सल्फाइडच असतं. धातू कारखान्यातून निघाला आणि कारखान्यातच परतला. आम्हाला हेच हवं आहे.

भरवशाचा प्रश्न असेल तर अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीने 1984 मध्ये सायनाइड आणि धातू असलेल्या पाण्यासाठी जिवाणूंचं केंद्र सुरू केलं. फिरत्या चकत्यांवर जिवाणूंचा थर वाढवून तिथे पाणी शुद्ध केलं जायचं आणि ओढ्यात सोडलं जायचं. जर्मनीत क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा पकडायला जिवाणू वापरले गेले आहेत. शेवटच्या हातासाठी, म्हणजे उरलेला अगदी थोडा धातू टिपायला, मेलेलं यीस्ट किंवा मेलेली बुरशीसुद्धा कामाला येते. पेशीच्या भिंतीला धातू चिकटतो, नंतर आम्लाने धुऊन तो सोडवता येतो आणि तेच यीस्ट पुन्हा वापरता येतं. मेलेल्या पेशींना विषाची भीती नाही आणि खाद्यही लागत नाही.

अडचणी आहेत, आणि त्या लपवून मला आपली संमती नको. सल्फाइड बनवताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो माणसाला मारू शकतो, म्हणून टाकी बंद हवी, वायू पकडण्याची सोय हवी, प्रशिक्षित माणूस हवा. सल्फेट वापरणारे काही जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, आणि जपानमधल्या मिनामाताला ज्या विषाने माणसं मेली ते हेच. त्यामुळे पारा असलेलं पाणी या टप्प्यात येताच कामा नये. धातूंचा एकदम मोठा लोट आला तर जिवाणू मरतात. त्यावर उपाय आहे : सल्फाइड एका टाकीत बनवायचं आणि धातूचं पाणी दुसऱ्या टाकीत त्याला भेटवायचं, म्हणजे जिवाणूंना धातूची झळ लागत नाही. नागपूरचा मे महिना उघड्या टाकीला सोसणार नाही, सावली आणि झाकण लागेल. जिवाणूंचं मिश्रण स्थिरावायला काही आठवडे जातात आणि त्या काळात घाई चालत नाही. या सगळ्याची उत्तरं प्रयोगातूनच मिळतील, आणि प्रयोगच आपण नाकारला आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. हा निर्णय नागपुरात झाला. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1958 पासून याच शहरात आहे. सांडपाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीसाठी देशाने उभारलेली ही संस्था आपल्या केंद्रापासून गाडीने फार लांब नाही. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर नीरीच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी नातं जोडणारी बुरशी वापरून झाडं जगवली. ती गोष्ट मातीची आहे, सांडपाण्याची नाही, हे मला ठाऊक आहे. पण धातूने भरलेल्या जागी सूक्ष्मजीवांना कामाला लावणं या जिल्ह्याला नवं नाही. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत या विषयाची मुलं शिकताहेत, पदवी घेऊन पुण्याला आणि हैदराबादला जाताहेत. त्यांच्यातल्या चौघांना आपल्या केंद्राच्या आवारात वर्षभर काम करू द्या. एवढं ज्ञान उशाशी असताना बाहेरच्या ठेकेदाराच्या दरपत्रकावर निर्णय होतो, याचं मला दुःख आहे.

आमच्या मागण्या या आहेत.

वाढीव टाकीची निविदा काढण्याआधी वर्षभराचा प्रायोगिक टप्पा लावा. दिवसाला काही हजार लिटर पुरे, पण पाणी खऱ्या प्लेटिंगचं हवं. वर्षभर यासाठी की मे आणि ऑगस्ट दोन्ही त्यात यावेत. त्याची आखणी आणि तपासणी केंद्राशी आर्थिक संबंध नसलेल्या शास्त्रीय संस्थेकडे द्या.

प्लेटिंग, पिकलिंग आणि गॅल्व्हनायझिंगचं पाणी इतर पाण्यापासून वेगळ्या पाइपाने आणा. सूक्ष्मजीव वापरा की चुना, हे केल्याशिवाय कोणताच उपाय नीट चालणार नाही, म्हणून ही मागणी प्रयोगाची वाट न पाहता आत्ताच करते आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कारखान्याच्या दारातच तपासलं जावं.

धातूंचे आकडे दर महिन्याला फलकावर आणि ग्रामपंचायतीत लावा : एकूण क्रोमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, निकेल, जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम. नमुना घेताना गावाचा एक माणूस हजर राहील. उन्हाळ्यात नाल्यात दुसरं पाणी नसताना या आकड्यांची तुलना सिंचनाच्या मर्यादांशी व्हावी.

नाल्याकाठच्या वावरांतली माती, विहिरींचं पाणी आणि भाजी यांची एकदा केंद्राच्या खर्चाने तपासणी करा आणि अहवाल शेतकऱ्याच्या हातात द्या. अहवाल वाईट आला तर त्याचा माल बाजारात पडून राहील, ही भीती काठच्या प्रत्येक घरात आहे. म्हणून तपासणीआधी नुकसानभरपाईचं लेखी आश्वासन हवं. ते नसेल तर एकही शेतकरी मातीचा नमुना देणार नाही, आणि मी त्याला द्या म्हणणारही नाही.

गाळ पावसाळ्याआधी छताखाली आणा. चुन्याची पद्धत आणि सूक्ष्मजीवांची पद्धत यांच्या खर्चाची तुलना कराल तेव्हा गाळाची वाहतूक, विल्हेवाट आणि परत मिळालेल्या धातूची किंमत त्यात धरा. नुसता टाकीचा बांधकामखर्च मांडून तुलना होत नाही.

सभासद उद्योजकांना स्वतंत्रपणे एक सांगते. वसाहत बंद पडावी असं आम्हाला वाटत नाही. माझ्या दिराचा मुलगा तिथल्याच एका कारखान्यात फिटर आहे, आणि गावातल्या निम्म्या घरांत वसाहतीचा पगार येतो. एकाच घरातला एक माणूस प्लेटिंगच्या टाकीशी उभा राहतो आणि दुसरा त्या टाकीच्या पाण्यावर सांबार लावतो. दोघांचंही चालावं म्हणून हे मागते आहे.

जिवाणूंचं मिश्रण तयार करणं, ते जोपासणं, रोजच्या चाचण्या, यासाठी मी आणि माझे विद्यार्थी मोबदल्याशिवाय काम करायला तयार आहोत. प्रयोग फसला तर तसं लेखी मान्य करून त्याचे आकडेही प्रसिद्ध करू.

या पत्राची प्रत आवक क्रमांकासह आपल्या कार्यालयात दिली आहे. कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसेल तर का, हे मुद्देसूद आणि लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत निविदा थांबवावी. पुढची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात घ्यावी, तिथे नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना बोलू द्यावं.

आपली,
नाल्याकाठच्या गावची सून आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका,
नागपूर